‘बरं हाय’ म्हणणारा आवाज यंत्र कसा तपासतं

सातारा-सांगलीकडं कुणाची ख्यालीखुशाली विचारली की उत्तर ठरलेलं असतं : ‘बरं हाय.’ पुण्यात नोकरीला गेलेला पोरगा फोनवर एवढंच बोलला, तरी कोरेगावात बसलेली आई लगेच विचारते, ‘का रं, आवाज असा का येतोय?’ शब्द रोजचेच असतात. पण आवाज उतरलेला असतो, वाक्याच्या आधी अर्धा क्षण जास्त गेलेला असतो. नेमकं काय बदललं ते त्या आईला सांगता येणार नाही, पण बदललंय याची तिला खात्री असते.

आवाजावरून मनाची तब्येत तपासणारी एआयची साधनं हेच काम आकड्यांत करू पाहतात. मिनिटभर बोला, तुमच्या आवाजात नैराश्याची लक्षणं दिसतात का ते सांगतो, असं ही ॲप म्हणतात. आवाज मोजण्याचं काम यंत्राला चांगलं जमतं, त्याबद्दल वाद नाही. घोळ होतो तो मोजलेल्या आकड्याची तुलना कुणाशी करायची इथं. आई पोराच्या आजच्या आवाजाची तुलना त्याच्याच कालच्या आवाजाशी करते. बहुतेक यंत्रं ती हजारो अनोळखी माणसांच्या आवाजाशी करतात, आणि ती माणसं बहुधा अमेरिकेत राहणारी, इंग्रजी बोलणारी असतात.

मन बिघडलं की आवाज का बिघडतो

बोलताना फुप्फुसातून हवा सुटते, स्वरयंत्रातल्या दोन पट्ट्या थरथरतात आणि जीभ, ओठ, टाळू त्या थरथरीला अक्षराचा आकार देतात. त्यासाठी शंभरएक स्नायूंचा मेळ लागतो आणि तो मेंदू क्षणाक्षणाला सांभाळत असतो. नैराश्यात हा सगळा कारभार मंदावतो. चाल मंदावते, घास मंदावतो, तसं बोलणंही मंदावतं. स्वर खाली येतो, चढउतार सपाट होतात, प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला वेळ लागतो. एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञानं शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय, की असे रुग्ण हळू, दबक्या आणि एकसुरी आवाजात, अडखळत बोलतात. त्यांच्याकडं यंत्र नव्हतं, कान होते.

चिंतेच्या आजारात उलटं घडतं. गळ्याचे स्नायू ताणलेले, स्वर चढलेला, श्वास तोकडा, त्यामुळं वाक्य भलत्याच जागी तुटतं. उन्मादाच्या झटक्यात माणूस दम न घेता बोलत सुटतो आणि उसाच्या बिलावरून निघून दोन मिनिटांत दिल्लीला पोचतो. हे सगळं ढोबळमानानं खरं आहे. प्रत्येक रुग्णात प्रत्येक लक्षण दिसेलच असं नाही. नैराश्य असलेली कितीतरी माणसं चारचौघांत हसून-खेळून बोलतात आणि यंत्राला पुरती चकवतात.

यंत्र काय मोजतं

या कामासाठी आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला साधारण १६,००० वेळा टिपली जाते. म्हणजे एका मिनिटाच्या बोलण्याचे ९ लाख ६० हजार आकडे. एवढ्या ढिगातून थेट काही कळत नाही, म्हणून संगणक त्याचे २५ मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो आणि दर १० मिलिसेकंदांनी पुढचा तुकडा उचलतो. मिनिटाला सुमारे ६,००० तुकडे होतात. त्या प्रत्येकातून मापं काढली जातात.

पहिलं माप स्वराची उंची. स्वरयंत्राच्या पट्ट्या सेकंदाला किती वेळा थरथरतात, तो आकडा. पुरुषांत तो साधारण ८५ ते १८०, बायकांत १६५ ते २५५. नैराश्य ओळखताना नुसत्या उंचीपेक्षा तिची हालचाल कामाची असते : मिनिटभरात स्वर किती वर गेला, किती खाली आला. दुसरं माप जोराचं. तिसरं विरामांचं, आणि यात सगळ्यात कमी गूढ आहे. पाव सेकंदापेक्षा मोठी शांतता म्हणजे विराम, असं धरून चाला. ६० सेकंदांच्या बोलण्यात ३८ सेकंद आवाज आणि २२ सेकंद शांतता असेल, तर विरामांचं प्रमाण झालं ३७ टक्के. याच माणसाचं हे प्रमाण महिन्यापूर्वी २२ टक्के असेल, तर दखल घ्यायला हवी. नुसत्या ३७ या आकड्यावरून काही ठरत नाही, माणूस मुळातच सावकाश बोलणारा असू शकतो.

चौथं माप आवाजाच्या पोताचं, आणि ते मिरजेच्या माणसाला चटकन समजेल. तंबोरा जुळवताना कारागीर घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा किंचित सरकवतो आणि तोच स्वर एकदम भरून येतो. याला जवारी म्हणतात. स्वर बदललेला नसतो. त्याच्या वरचे बारीक उपस्वर कमीजास्त झालेले असतात. माणसाच्या गळ्याचंही तसंच असतं. पट्ट्या नीट मिटल्या तर उपस्वर स्वच्छ येतात, ढिल्या राहिल्या तर हवा गळते आणि आवाज फुसका, घोगरा येतो. स्वच्छ उपस्वर किती आणि नुसता हवेचा खरखराट किती, हे गुणोत्तर यंत्र काढतं. लागोपाठच्या दोन थरथरींच्या कालावधीत किती फरक पडतो तेही मोजतं. निरोगी माणसानं लांब ‘आऽऽ’ लावला, तर हा फरक साधारण १ टक्क्याच्या आत राहतो.

अशा ८८ मापांचा एक प्रमाण संच २०१६ पासून संशोधनात वापरात आहे. आता बरीच मॉडेलं, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी यंत्रं, मापं आधी ठरवत नाहीत. त्यांना हजारो तासांचं बोलणं ऐकवलं जातं आणि कशाकडं लक्ष द्यायचं ते ती स्वतःच शोधतात. आयआयटी मद्रासमधल्या एआयफॉरभारत या गटानं मराठीसह भारतीय भाषांसाठी अशी पायाभूत मॉडेलं खुली केली आहेत. ती बोलणं ओळखण्यासाठी आहेत, आजार ओळखण्यासाठी नाहीत. पण पुढचं घर बांधायचं तर पाया म्हणून ती उपयोगी पडतील.

यंत्र कशावरून शिकतं

आवाजाच्या फिती गोळा केल्या, तरी कुठला आवाज आजारी माणसाचा आणि कुठला बऱ्या माणसाचा, हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं. ते बहुतेक वेळा पीएचक्यू-९ नावाच्या प्रश्नावलीवरून सांगितलं जातं. ही प्रश्नावली २००१ पासून जगभर वापरात आहे आणि ती मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, झोप लागली का, भूक होती का, असे ९ प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढची तपासणी करावी, असा संकेत आहे.

इथली मेख बऱ्याचदा झाकून ठेवली जाते. यंत्र नैराश्य ओळखायला शिकत नाही. माणसानं कागदावर किती गुण भरले असते, याचा अंदाज बांधायला शिकतं. ज्या घरात ‘काही झालेलं नाही, उगं कशाला डोक्याचा डाक्टर’ असं म्हणत खरी उत्तरं दाबली जातात, तिथं कागद चुकतो, आणि त्या कागदावर शिकलेलं यंत्रही तीच चूक गिरवतं.

दुसरा दाखला दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मुलाखतींचा. पडद्यावर ‘एली’ नावाची आभासी मुलाखतकार, तिला पडद्यामागून चालवणारी माणसं आणि समोर बसून उत्तरं देणारे स्वयंसेवक. अशा १८९ मुलाखतींचा संग्रह संशोधकांसाठी खुला झाला आणि या क्षेत्रातले असंख्य प्रयोग त्याच्यावरच झाले. निकाल छान येत होते. २०२४ मध्ये काही संशोधकांनी दाखवून दिलं, की काही मॉडेलं रुग्णाकडं लक्षच देत नव्हती. एलीनं पुढं कुठला प्रश्न विचारला, एवढं पाहून ती उत्तर देत होती. ज्याला पूर्वी नैराश्याचा त्रास झालाय असं बोलण्यात येई त्याला एली त्याबद्दल पुढचे प्रश्न विचारी, आणि त्या प्रश्नांवरूनच यंत्राला उत्तर कळे. परीक्षेत अभ्यास न करता मास्तरांच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखणारं पोर, तसला प्रकार.

असल्या चोरवाटा यंत्र फार लवकर शोधतं. समजा रुग्णांचे आवाज मिरजेच्या एखाद्या वॉर्डात घेतले आणि निरोगी लोकांचे सांगलीतल्या कॉलेजच्या वर्गात. यंत्र वॉर्डातल्या पंख्याची घरघर ओळखायला शिकेल आणि निकाल ९५ टक्के बरोबर दाखवील. एकाच माणसाच्या दोन फिती, एक शिकवायला आणि दुसरी परीक्षेला वापरली, तर यंत्र आजार सोडून माणूसच ओळखेल. म्हणून कुणी ‘आमची अचूकता इतकी टक्के’ म्हणालं, की पहिला प्रश्न विचारावा : परीक्षेतली माणसं शिकवणीत नव्हती ना? आणि दोन्ही गटांचे आवाज एकाच जागी, एकाच फोनवर घेतले होते ना?

भावना ओळखणाऱ्या यंत्रांची तर गोष्टच न्यारी. सुरुवातीचे गाजलेले संग्रह नटांच्या आवाजातले होते. बर्लिनचा प्रसिद्ध संग्रह १० नटनट्यांनी तीच ती वाक्यं रागानं, दुःखानं, कंटाळ्यानं म्हणून तयार झालाय. सांगली ही नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी रंगभूमीचा पहिला पडदा इथंच वर नेला, त्यामुळं इथल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. रंगमंचावरचं दुःख शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं म्हणून मोठं केलेलं असतं. खरं दुःख बहुतेकदा पहिल्या रांगेलाही ऐकू जात नाही.

आपल्या बोलीत यंत्र कुठं फसतं

इंग्रजीत ‘भ’, ‘घ’, ‘ध’ नाहीत. हे उच्चारताना स्वरयंत्राच्या पट्ट्या थोड्या उघड्या राहतात, हवा गळते आणि पुढचा स्वर जरा फुसका येतो. मराठीत त्यात ‘म्ह’, ‘न्ह’, ‘व्ह’, ‘ल्ह’ यांची भर. आणि आपल्याकडची बोली तर यांनीच भरलेली : व्हय, न्हाय, म्हंजी, तव्हा. इंग्रजी आवाजांवर बेतलेलं यंत्र या गळणाऱ्या हवेला थकव्याची किंवा ढिल्या गळ्याची खूण समजू शकतं. साताऱ्याच्या माणसानं नुसतं ‘न्हाय वो’ म्हटलं, तरी आकडा हलतो. उपाय आहे : पोताचं माप बोलण्यातून घेऊ नये, लांब लावलेल्या ‘आऽऽ’वरून घ्यावं. तिथं भाषेचा संबंध येत नाही.

शब्दांवरून अंदाज बांधणारी यंत्रं आणखी खोल खड्ड्यात पडतात. इंग्रजीत नैराश्य असलेली माणसं ‘मी’ हा शब्द थोडा जास्त वापरतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. मराठीत ‘मी’ म्हणायची गरजच नसते. ‘जातो’, ‘खाल्लं’, ‘झोपले’ यात कर्ता न सांगताही कळतो. त्रासाची गोष्ट तर ‘मला’नं येते, ‘मला करमत नाही’. कित्येक जण स्वतःबद्दल बोलताना ‘आपल्याला काय जमत न्हाय बाबा’ म्हणतात. हे ‘आपल्याला’ म्हणजे कोण, हे यंत्राला कसं कळावं?

मग ‘ना’ची कथा. झोप लागंना, जेवाण जाईना, जीव रमंना, बरं वाटंना. अख्खी तक्रार शेवटच्या एका अक्षरात असते आणि ते अक्षर हळू, श्वास संपता संपता उच्चारलं जातं. बोलण्याचं लिखाण करणाऱ्या यंत्रानं ते गाळलं किंवा ‘लागलं’ असं सरळ केलं, की रुग्णाचा अर्थ उलटा झाला. जत तालुक्यात कित्येक घरांत कन्नड बोलतात आणि एका वाक्यात दोन्ही भाषा येतात, तिथं तर लिखाण तपासल्याशिवाय पुढं जाऊच नये.

याच्या उलटही होतं. ‘सज्जनगड चढता चढता जीव गेला’, ‘कामानं मेलो बघ’, ‘मरू दे तिकडं’ या वाक्यांत मरणाचा काही संबंध नाही, पण शब्द मोजणारं यंत्र धोक्याची घंटा वाजवतं. आणि जिथं वाजवायला हवी तिथं गप्प बसतं. आपल्याकडं फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात. ‘त्यानं औषध पिलं’ याचा अर्थ गावात शेंबड्या पोरालाही कळतो. हेच वाक्य इंग्रजीत भाषांतर करून मग तपासणाऱ्या यंत्रापुढं गेलं, तर ‘त्यानं औषध घेतलं’ असा अर्थ लागेल आणि माणूस उपचार घेतोय म्हणून धोका कमी दाखवला जाईल. मराठी बोलणं आधी इंग्रजीत नेऊन तपासणारी साधनं वापरूच नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

शांततेची वेगळीच भानगड. बोलण्याचं लिखाण करणारं व्हिस्पर हे मॉडेल जगभर वापरलं जातं. २०२४ च्या एका अभ्यासात दिसलं, की सुमारे १ टक्का फितींत त्यानं कुणी न बोललेली वाक्यं घुसडली, आणि जिथं लांब विराम होते तिथं हा प्रकार जास्त झाला. नैराश्यात लांब विराम हीच तर खूण. म्हणजे ज्या रुग्णाचं नीट ऐकायला हवं, नेमकं त्याच्याच तोंडी यंत्र न बोललेलं घालण्याची शक्यता जास्त.

मेंदूच्या आजारात वाचा गेलेल्यांची तपासणी करायला १९७२ मध्ये आलेलं आणि पुढं स्मरणशक्तीच्या तपासणीतही वापरलं जाऊ लागलेलं एक चित्र आहे : स्टुलावर चढून बरणीतली बिस्किटं चोरणारा मुलगा आणि भरून वाहणारं सिंक. आटपाडीच्या ज्या आजीनं आयुष्यभर मोरीत भांडी घासली, तिनं सिंकचा उल्लेख केला नाही तर दोष चित्राचा. आठवडी बाजाराचं चित्र दाखवून पाहावं, आजी थांबणार नाही.

शरीराचे घोटाळे

आवाज मंद आणि जड झाला म्हणजे मनच आजारी, असं नसतं. थायरॉइड कमी झालं तरी आवाज जाड होतो, बोलणं संथ होतं आणि मनही खचतं. म्हणून टीएसएचची रक्ततपासणी आधी. पार्किन्सन्समध्ये आवाज बारीक आणि एकसुरी होतो. दात पडलेले, गालात तंबाखू धरलेली, मिसरी लावून तोंड भरलेलं, सर्दी झालेली, या सगळ्यांत आकडे बदलतात. आणि गंमत म्हणा की शोकांतिका, उपचारांमुळंही बदलतात : ॲमिट्रिप्टिलीननं तोंड कोरडं पडतं, लिथियमनं कंप येऊ शकतो, मनोविकारावरच्या काही गोळ्यांनी चेहरा आणि आवाज ताठर होतो. गोळ्या सुरू होऊन माणूस सुधारत असतानाच यंत्र ‘बिघडलं’ म्हणू शकतं. कुठल्या गोळ्या चालू आहेत हे लिहिल्याशिवाय फितीला अर्थ नाही.

हजार माणसांचा हिशेब

आता आकडे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे १५ हजार लोकांचं किमान २५ सेकंदांचं बोलणं घेतलं, त्यातल्या बहुतेकांवर यंत्राला शिकवलं, उरलेल्या सुमारे साडेचार हजारांवर त्याची परीक्षा घेतली आणि निकालाची तुलना पीएचक्यू-९ च्या गुणांशी केली. ज्यांना १० किंवा जास्त गुण होते त्यांच्यातले ७१.३ टक्के यंत्रानं पकडले. ज्यांना नव्हते त्यांच्यातल्या ७३.५ टक्के लोकांना बरोबर मोकळं सोडलं.

ऐकायला बरं वाटतं. आता हेच यंत्र १,००० वस्तीच्या गावात सरसकट लावा आणि हिशेबापुरतं धरा, की ५० जणांना नैराश्य आहे. ५० पैकी ३६ सापडतील, १४ सुटतील. उरलेल्या ९५० निरोगी लोकांपैकी तब्बल २५२ जणांवर खोटा शिक्का बसेल. एकूण २८८ जणांना बोलावणं, त्यात खरे ३६. म्हणजे आठात एक. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ सापडणं मुश्कील, तिथं ही २८८ माणसं कुणी तपासायची? शिवाय गावात एकदा ‘मशीननं याचं डोकं फिरलंय सांगितलं’ अशी बोंब उठली, की पुढं कुणी तोंड उघडणार नाही.

तेच यंत्र वेगळ्या जागी लावा. मनाविषयीच्या दोन प्राथमिक प्रश्नांतच अडकलेले, झोप नाही, मन लागत नाही म्हणून आलेले १,००० लोक घ्या, ज्यांच्यात ३०० जणांना खरंच नैराश्य आहे. आता २१४ सापडतील, खोटे १८६. निम्म्याहून जास्त शिक्के खरे. यंत्र तेच, अचूकता तीच, फक्त गाळणीत आधी काय ओतलं ते बदललं. गावभर फिरवण्यापेक्षा दुसऱ्या टप्प्यावर वापरा, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

आणि ‘अचूकता ९५ टक्के’ या जाहिरातीला भुलू नका. हजारात ५० च आजारी असतील, तर डोळे मिटून ‘सगळे ठणठणीत’ म्हणणारं यंत्रही ९५ टक्के बरोबर ठरतं.

नोंद कशी घ्यावी

पहिला टप्पा आशाताईंकडं आधीच आहे. तिशीपुढच्या लोकांसाठी त्या जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात मनाविषयीचे दोन प्रश्न आहेत : कामात रस किंवा आनंद न वाटणं आणि उदास, हताश वाटणं. यात गुण जास्त आले, तर माणसाला आरोग्य केंद्रावर बोलवावं आणि तिथं पीएचक्यू-९ विचारावी. वाचायला देऊ नये, विचारावी. ‘निरुत्साह’ म्हटलं की लोक बघत राहतात, ‘कशातच मन लागत नाही असं होतंय का?’ म्हटलं की बोलू लागतात.

आवाजाची नोंद त्यानंतर. खोली शांत हवी. पंखा बंद. विट्याच्या यंत्रमागांजवळ किंवा चाळकेवाडीच्या वाऱ्यात घेतलेली फीत घेतली न घेतली सारखीच. विजेची ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० थरथरींची घुंईंई आणि तिची दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झ, नेमकी पुरुषी स्वराच्या टप्प्यात येते आणि यंत्र ट्यूबलाइटलाच माणूस समजतं. म्हणून आधी ५ सेकंद नुसती शांतता टिपावी, खोलीत किती आवाज आहे ते कळतं.

फोन तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, समोर न धरता थोडा बाजूला, नाहीतर ‘फ’ आणि ‘भ’चा फुंकर माइकवर आदळतो. चालू फोनकॉल रेकॉर्ड करू नये. साध्या कॉलवर अनेकदा ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, आवाजाच्या पोताची बरीचशी माहिती वाटेतच गळते. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोटही दाबून लहान केलेली असते. साधं रेकॉर्डर ॲप, डब्ल्यूएव्ही (न दाबलेली) फाइल, सेटिंगमध्ये आवाज आपोआप वाढवणारं आणि गोंगाट पुसणारं काही असेल तर बंद. ते चालू राहिलं तर हळू बोलणारा आणि जोरात बोलणारा एकाच पट्टीत येतात, आणि विरामांतली शांतता कृत्रिम होते.

मग ५ सेकंद ‘आऽऽ’, दोनदा. त्यानंतर १ ते २० आकडे. मग २ मिनिटं मोकळं बोलणं : ‘काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय केलंत?’ हा प्रश्न बरा, कारण तो दुःख उकरत नाही आणि वाचता येण्याची अट घालत नाही. मध्येच ‘हं, हं’ म्हणू नये, विचारणाऱ्याचा आवाज फितीत मिसळतो. माणूस थांबला तर थांबू द्यावं. आपल्याला ती शांतता भरून काढायची फार घाई असते.

फितीसोबत तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, सर्दी-खोकला, तंबाखू, चालू गोळ्या एवढं लिहावं. आणि पुन्हा त्याच फोनवर, त्याच खोलीत, साधारण त्याच वेळी, दर आठवड्याला. नैराश्यात कित्येकांना सकाळ जड जाते, त्यामुळं एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी घेतलेल्या फितींची तुलना फसवी. चार-पाच आठवड्यांत त्या माणसाची स्वतःची पट्टी तयार होते. यंत्राचा खरा उपयोग आम्हाला इथं दिसतो : उपचार सुरू असलेल्या माणसाचे विराम कमी होतायत का, स्वर पुन्हा वरखाली होऊ लागलाय का. मिशिगन विद्यापीठाच्या प्रायोरी प्रकल्पात द्विध्रुवी आजाराच्या (कधी उन्माद, कधी नैराश्य) रुग्णांचे फोनवरचे आवाज असेच कालांतरानं तपासले गेले. तिथंही माणूस स्वतःच स्वतःचं माप होता.

फीत कुणाची

आवाजावरून माणूस ओळखता येतो, त्यामुळं ‘नाव काढून टाकलंय’ म्हणजे गोपनीय झालं असं होत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. आजार आहे की नाही हे मान्य वैद्यकीय निकषांवरच ठरवावं, असं कलम ३ सांगतं, म्हणजे ॲपचा निकाल हे निदान नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती ठरावीक कारणासाठीच असते आणि ती परत घेता येते. संमती घेताना साध्या भाषेत सांगावं : आवाज कुठं साठवला जाईल, किती दिवस, कोण ऐकेल, पुसायला सांगितलं तर पुसणार का. उत्तर ‘क्लाउडवर’ एवढंच आलं, तर पुढं जाऊ नये.

कर्जाच्या वसुलीचा फोन असो, भरतीची मुलाखत असो की कंपनीची बायोमेट्रिक हजेरी, तिथं हे तंत्र नकोच. युरोपीय संघानं कामाच्या आणि शिक्षणाच्या जागी भावना ओळखणारी यंत्रं वापरायला २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. आपल्याकडं असा थेट नियम नाही, म्हणून नकार आपणच द्यायचा.

नववा प्रश्न

पीएचक्यू-९ चा शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथं शून्याखेरीज काहीही उत्तर आलं, तर यंत्र बाजूला ठेवावं. फीत घेत बसू नये, आकड्याची वाट पाहू नये. आवाज कितीही ठणठणीत निघाला तरी तो पुरावा नव्हे. सरळ विचारावं, ‘जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं ठरवलंय का?’ विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. एकटं सोडू नये. त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याकडं किंवा सिव्हिलला न्यावं. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन लावून हातात द्यावा, नुसता नंबर लिहून देऊ नये.

आणि घरातल्यांना त्याच संध्याकाळी एक काम सांगावं. तासगावकडं द्राक्षबाग असो की वाळव्याकडं ऊस, शेडमध्ये किंवा घरातल्या कोनाड्यात फवारणीचं औषध उघडं पडलेलं असतं. ते सगळं गोळा करून पेटीत घालावं, पेटीला कुलूप लावावं आणि किल्ली शेजारच्या विश्वासू घरी द्यावी.